वर्तनवाद आणि राहुलोवाद

मनुष्याला त्याच्या कृतीचे फळ घडवते, हे वर्तनवादाचे मुख्य प्रतिपादन होय. थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील प्रयोगांतून मांडलेला परिणामाचा नियम बी. एफ. स्किनर यांनी विकसित केला आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी' या ग्रंथात त्या विचारातून समाजरचनेची योजना मांडली. माणसाच्या आत स्वायत्त कर्ता नाही. म्हणून परिस्थितीची अशी रचना करावी की इष्ट वर्तन दृढ होईल, असे ते सांगतात. आत्म्याची कल्पना नाकारणाऱ्या आणि कार्यकारणभाव मानणाऱ्या बौद्ध अभ्यासकाला हा विचार परका वाटणार नाही. म्हणूनच त्याची चिकित्सा अगत्याची आहे.

या सिद्धान्ताचे बळ आपल्या गोंदिया परिसरातही दिसते. येथील बिडी उद्योगात मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मोजण्याची रीत आहे. ठरावीक संख्येला मोबदला जोडला की हात वेग धरतात, हे स्किनर यांचे म्हणणे येथे पटते. परंतु हजाराचा दर कोणी ठरवला? बिडी सदोष ठरवून मजुरीतून वगळण्याचा अधिकार कोणाचा? फळ शिकवते हे खरे. फळ वाटणारा हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

स्किनर यांनी शिक्षेला विरोध केला आणि नियंत्रकावरही प्रतिनियंत्रण हवे असे म्हटले, हे नमूद करणे न्याय्य होईल. मात्र अंतिम कसोटी म्हणून त्यांनी संस्कृतीचे टिकून राहणे स्वीकारले. येथेच त्यांचा ग्रंथ दुबळा पडतो. जातिव्यवस्थाही शतकानुशतके टिकली. बक्षीस व दंड यांची तिची यंत्रणा कोणत्याही प्रयोगशाळेहून काटेकोर होती. नुसते टिकणे ही योग्यतेची खूण नव्हे, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करणाऱ्यांच्या वाट्याला मारहाण आली. तरीही डिसेंबरमध्ये हजारो लोक पुन्हा महाडला जमले. दंडाने जे शिकवले, ते नाकारण्याचे सामर्थ्य त्यांना प्रतिष्ठेच्या जाणिवेने दिले. स्किनर नेमकी हीच जाणीव मागे टाकू पाहतात.

मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागतही परिणामांचाच विचार शिकवतात. कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतर राहुलाने पाहावयाचे आहे की, हिच्यामुळे स्वतःला, इतरांना वा उभयतांना दुःख होते काय? अकुशल कृत्य घडले तर ते जाणत्यांपुढे उघड करावे. कुशल घडले तर त्या आनंदात राहून शिकत राहावे. येथेही फळ शिकवते, आनंद कृतीला दृढ करतो. परंतु आरसा राहुलाच्या हाती आहे आणि त्यात इतरांचे दुःखही दिसते. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले, त्याचे मर्म हे आहे.

आपल्या विहारांतील बालवर्गांत पाठांतरासाठी बक्षिसे देण्यास हरकत नाही. मात्र बक्षीस थांबल्यावरही मूल शील पाळते काय, हीच त्या शिक्षणाची खरी परीक्षा होय.