डॉक्टर लिडगेटचा संसार

जॉर्ज इलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्स यांची ‘मिडलमार्च’ ही कादंबरी १८७१-७२ मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली. लेखन व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. कथेतले छोटे इंग्रजी शहर मात्र १८२९ ते १८३२ मधले. पॅरिसमध्ये शिकलेला तरुण डॉक्टर लिडगेट तेथे संशोधनाची आणि नव्या रुग्णालयाची स्वप्ने घेऊन येतो. नगराध्यक्षांची देखणी कन्या रोझामंड हिच्याशी त्याचा विवाह होतो. घरात उंची सामान येते, पाठोपाठ कर्ज. घर सोडून काटकसरीने राहण्याचा त्याचा बेत ती परस्पर मोडते, त्याच्या नकळत त्याच्या काकांना पैशासाठी पत्र लिहिते.

वाचक बहुधा सारा दोष रोझामंडला देतात. आम्हांला ते पटत नाही. स्टेथोस्कोपने रोग्याचे हृदय ऐकणाऱ्या या डॉक्टरने पत्नीचे मन कधी ऐकले? पत्नी म्हणजे दमलेल्या पुरुषाचा विसावा, एवढेच त्याने गृहीत धरले. कर्जाची गोष्टही गळ्याशी आल्यावर सांगितली. लेखिका दोघांनाही समजून घेते, हेच या कादंबरीचे मोठेपण.

पुढे लिडगेट श्रीमंतांचा डॉक्टर होतो आणि पन्नासाव्या वर्षी निवर्ततो. जगाच्या लेखी यशस्वी, स्वतःच्या लेखी पराभूत. विवाहाच्या नोंदवहीवर वधूवरांच्या सह्या घेताना आम्हांला तो आठवतो. एकमेकांना किती ओळखता, हे विचारायला तेव्हा उशीर झालेला असतो.