‘ब्रिटिश चित्रपट’ : एका संज्ञेची व्याप्ती

ब्रिटिश चित्रपट व दूरचित्रवाणी यांविषयीचे विद्यापीठीय संशोधन गेल्या काही दशकांत बरेच विस्तारले आहे. या विषयास वाहिलेले एक स्वतंत्र नियतकालिक २००४ पासून एडिंबरो येथून निघते. ब्रिटनमधील संग्रहांत असलेल्या सहा हजारांहून अधिक वसाहतकालीन चित्रपटांची सूचीही सिद्ध झाली आहे. इतक्या उद्योगानंतरही एक मूलभूत प्रश्न पुरता सुटलेला दिसत नाही : ब्रिटिश चित्रपट म्हणावयाचे कशास?

कायद्याने याचे एक उत्तर १९२७ मध्ये दिले होते. अमेरिकन चित्रपटांच्या लोंढ्यास आवर घालण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने त्या वर्षी वितरकांवर साडेसात टक्के व चित्रगृहांवर पाच टक्के ब्रिटिश चित्रपटांचे बंधन घातले. पुढे ते क्रमाने वाढावयाचे होते. मात्र निर्माता व कथालेखक ब्रिटिश प्रजाजन असावेत, चित्रीकरण साम्राज्यातील कोणत्याही भागातल्या चित्रशाळेत झालेले असावे, अशा स्वरूपाची ती व्याख्या होती. म्हणजे प्रभातने पुण्यास आल्यावर काढलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) हाही त्या कायद्याच्या अक्षराप्रमाणे ब्रिटिश ठरण्यास प्रत्यवाय नव्हता! (कोल्हापुरातील प्रभातचे काय, हा संस्थानी हद्दीचा प्रश्न निराळाच.) १९३८ च्या कायद्याने वितरकांच्या बाबतीत ही सवलत आखडती घेतली.

या व्याख्येमागचे अर्थकारण प्रिया जयकुमार यांनी ‘सिनेमा ॲट द एंड ऑफ एम्पायर’ (२००६) या ग्रंथात उलगडून दाखविले आहे. ब्रिटनचा तो कायदा आणि भारतातील रंगाचारियार समिती (१९२७-२८) ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होत, हे त्यांचे प्रतिपादन ग्राह्य वाटते. साम्राज्यातील चित्रपटांस प्राधान्य देण्याची कल्पना समितीने उचलून धरली नाही. देशी धंद्याचा कैवार घेतला. तथापि शासनाच्या कागदपत्रांतून जे दिसते ते शासनाच्या चिंतेचे चित्र असते, प्रेक्षकाच्या मनाचे नव्हे. ही उणीव प्रेम चौधरी यांच्या ग्रंथाने (२०००) काही अंशी भरून काढली. कोर्डा बंधूंच्या ‘द ड्रम’ (१९३८) या चित्रपटाविरुद्ध मुंबईत जो लोकक्षोभ उसळला, त्याचा त्यांनी साक्षेपाने मागोवा घेतला आहे. मात्र त्यांच्या विवेचनातील ‘गंगा दीन’ हा अमेरिकन चित्रपट होय. साम्राज्याचा चित्रपट आणि ब्रिटिश चित्रपट या दोन संज्ञा एकमेकींत किती सहज मिसळतात, याचे हे उत्तम उदाहरण.

या गोंधळाची खरी कसोटी लागते ती ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाशी. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १९१० मधला. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच वारले. शांतारामांनी हा विषय घेतला तो युद्धकाळात. कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण असताना व युद्धप्रयत्नांस पोषक चित्रपट काढण्याची अट निर्मात्यांवर असताना. चीन हे ब्रिटनचे मित्रराष्ट्र असल्यामुळे विषय अटीत बसत होता. आणि नायक काँग्रेसचा पाठिराखा असल्यामुळे तो राष्ट्रीय भावनेसही रुचणारा होता. परक्या सत्तेच्या परवान्यातून तिच्या विरोधकांचा गौरव साधण्याचे हे कौशल्य केवळ ‘प्रचारपट’ या शब्दात मावत नाही. ज्या सोलापुराने १९३० मध्ये लष्करी कायदा सोसला व १९३१ च्या जानेवारीत आपले चार हुतात्मे फाशी गेलेले पाहिले, त्या नगरीच्या पुत्राची ही कथा होती, हेही विसरून चालणार नाही.

असा चित्रपट ब्रिटिश संशोधनाच्या सूचीत सहसा येत नाही, कारण तो भारतीय. आणि भारतीय चित्रपटेतिहासात त्याची साम्राज्यकालीन बाजू गौण ठरते, कारण तो राष्ट्रीय. दोहोंकडील ही उपेक्षा संग्रहांच्या रचनेतून आली आहे. तिला तात्त्विक आधार नाही. चित्रपटाची ‘द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस’ ही इंग्रजी आवृत्ती परदेशी प्रेक्षकांसाठी काढण्यात आली होती. हिंदी आवृत्तीतील कोणते प्रसंग तीत आखूड झाले, कोणते संवाद सौम्य झाले, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय साम्राज्याच्या परवान्याने नेमके काय घडविले व काय अडविले, हे ठरविता येणार नाही. शांतारामांचे मराठी आत्मचरित्र ‘शांतारामा’ आणि तत्कालीन मराठी नियतकालिके ही त्या कामाची साधने होत. लंडनच्या सूचीत ती शोधून सापडावयाची नाहीत.