'ऑनेस्ट': श्लेषापलीकडील अनेकार्थता

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मध्ये 'ऑनेस्ट' व 'ऑनेस्टी' हे शब्द मिळून 52 वेळा येतात, याकडे विल्यम एम्प्सन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (1951) या ग्रंथात लक्ष वेधले. सचोटीचा, मोकळ्या मनाचा, भरवशाचा सोबती आणि स्त्रीच्या संदर्भात शीलवती, असे या शब्दाचे अर्थ आहेत. कनिष्ठाला उद्देशून वापरला, की त्यात वरिष्ठाची कौतुकमिश्रित तुच्छताही येते. श्लेषाच्या संकल्पनेने ही घटना पुरती उलगडत नाही. श्लेषातील दोन्ही अर्थ कवीला अभिप्रेत असतात व रसिकाला आकळतात. येथे ऑथेल्लो स्वतःच एका अर्थाकडून दुसऱ्याकडे नकळत घसरतो. ज्या शब्दाने इयागो विश्वासार्ह ठरतो, त्याच शब्दाने डेस्डिमोनाच्या शीलाचा निवाडा होतो.

महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतरापासून (1867) मराठी अनुवादकापुढे हा पेच आहे. 'प्रामाणिक' इयागोला शोभतो, डेस्डिमोनाला अपुरा पडतो. 'पतिव्रता'चे नेमके उलटे. शब्द दुभंगला की प्रसंग टिकतो, पण उपरोधाचा धागा तुटतो. म्हणून अनुवादाच्या समीक्षेने केवळ प्रतिशब्दाची योग्यता न पाहता, मूळ शब्दातील अर्थांचे परस्परसंबंध अनुवादात अन्यत्र कोठे उभे राहिले, हे तपासले पाहिजे.