दरवाजा काय बोलतो? नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाबद्दल थोडं

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं होतं, की हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची माशाच्या आकाराची इमारत आहे, तिला वास्तुकला म्हणायचं की शिल्पकला? प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. म्हणून आज बाकीचं बाजूला ठेवून त्यावरच बोलू, आणि बोलायला फार लांब जायचं नाही. अकोट तालुक्यात जाऊ.

आधी त्या माशाचा निकाल लावू. अमेरिकेत लाँग आयलंडला 1931 साली एकानं बदकाच्या आकाराचं दुकान बांधलं. आत काय विकायचे? बदकं अन् बदकांची अंडी. पुढे रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनॉर या तिघांनी 1972 साली लास व्हेगसवर पुस्तक लिहिलं, त्यात इमारतींचे दोन प्रकार सांगितले. एक बदक, म्हणजे अख्खी इमारतच चिन्ह झालेली. दुसरा सजवलेली शेड, म्हणजे साधा खोका आणि त्यावर लावलेली पाटी किंवा नक्षी. हैदराबादचा मासा हे बदक झालं. पंजाबातल्या काही गावांत घरांच्या गच्चीवर विमानाच्या, फुटबॉलच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या असतात, तीही बदकंच. आणि आपल्याकडे गावाच्या वेशीवर ज्या सिमेंटच्या स्वागत कमानी उभ्या राहतात, त्या बहुतेक सजवलेल्या शेड.

ही विभागणी आम्हाला बरीच वर्षं पुरली. वर्गात कांटही तसाच शिकवला. 1790 च्या त्याच्या ग्रंथात फुलाचं सौंदर्य स्वायत्त आणि इमारतीचं परायत्त असं तो म्हणतो, कारण इमारत कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ती सुंदर आहे असं म्हणता येत नाही. उदाहरणं देताना तो चर्च, राजवाडा आणि शस्त्रागारही घेतो. आम्ही त्यावरून विद्यार्थ्यांना सांगत असू की उपयोग आला की कला थोडी मागे सरते. हे आम्ही फार ठामपणे सांगत होतो. नरनाळ्याला त्याच पोरांबरोबर गेलो आणि त्यांच्यासमोरच आमची अडचण झाली.

महाकाली दरवाजा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहानूर गावावरून आपण सातपुड्याच्या त्या कडेला चढतो. आजूबाजूला सगळा काळा दगड, आपला नेहमीचा. खालचे दरवाजे मागे पडतात आणि एकदम समोर पांढरट वालुकाश्माचा उंच दरवाजा येतो. मध्ये कमान, दगडात कोरलेली कमळं, वर भरदार छज्जा, अरबी अक्षरांच्या ओळी. दोन्ही बाजूंना पुढे काढलेले सज्जे आणि त्यांना दगडी जाळ्या. जाळ्यांकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की सगळ्या एका नमुन्याच्या नाहीत. कारागिरानं एक नमुना काढून तोच गिरवत बसणं टाळलंय. आत गेलं की पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, म्हणजे हे चोख लष्करी बांधकाम आहे.

आता हे बदक की शेड? त्या दिवशी एका पोरानं हाच प्रश्न विचारला. आम्ही म्हटलं, शेड. दरवाजा आहे आणि त्यावर नक्षी आहे. तो म्हणाला, सर, मग नक्षी काढून दाखवा. जाळी काढली तर सज्जा उघडा पडतो. सज्जात उभा असलेला पहारेकरी जाळीतून खालची माणसं बघू शकतो आणि खालच्याला तो दिसत नाही. म्हणजे जी आपल्याला शोभा वाटते ती नजर ठेवायची सोय आहे. ती काढली की दरवाजाचं कामच अडतं.

पण तेवढ्यावर थांबलं तर "उपयोगी तेच सुंदर" असं एक सोपं उत्तर हाती येतं, आणि ते आम्हाला पटत नाही. कारण याच दरवाजात निव्वळ उपयोगाच्या विरुद्ध जाणारी गोष्टही आहे. तोफांच्या काळाच्या तोंडावर किल्ल्याच्या दरवाजाला नाजूक सज्जे काढणं, हे कुठल्या किल्लेदाराला सुचेल? बांधणाऱ्याला इथे नुसतं अडवायचं नव्हतं, काही सांगायचंही होतं.

काय सांगायचं होतं ते पाहायला शिलालेखाकडे या. दरवाजा 1487 साली, बहमनी सुलतान शिहाबुद्दीन महमूदशाहाच्या कारकिर्दीत, फत्हउल्ला इमाद-उल-मुल्कानं बांधला. म्हणजे अक्षरं म्हणतात, सुलतान आमचा मालक, आम्ही त्याचे वऱ्हाडचे सुभेदार. बरोबर तीन वर्षांनी, 1490 मध्ये, हाच फत्हउल्ला स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. आता पुन्हा दरवाजाकडे बघा राजेहो. काळ्या मुलखात पांढरा दगड उभा करणारा, पहाऱ्याच्या जागी राजवाड्याचे सज्जे काढणारा माणूस स्वतःला सुभेदार समजत होता का? लेख निष्ठा सांगतो, दगड महत्त्वाकांक्षा सांगतो. दोन्ही एकाच भिंतीवर, आणि एकमेकांना खोटं न पाडता.

आमच्या मते इमारत आणि कला एकमेकींत मिसळतात ती ही जागा. आकार विचित्र असणं याला त्यात फार महत्त्व नाही. इमारत तिच्या पाटीपेक्षा वेगळं, जास्त काही बोलू लागली पाहिजे. बदक ओरडून एकच शब्द सांगतं. शेडवरची पाटी एकच शब्द लिहिते. महाकाली दरवाजाला ऐकायला वेळ लागतो.

याचा पुढचा भाग चिखलदऱ्याजवळ गाविलगडावर आहे. तिथल्या दिल्ली दरवाजावर हत्तींना दाबून धरणारे सिंहासारखे प्राणी आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. गंडभेरुंड हे विजयनगरकडचं चिन्ह. फेरिश्ता सांगतो की फत्हउल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा, युद्धात पकडला गेलेला आणि मुसलमान म्हणून वाढलेला. ते खरं धरलं तर नरनाळ्यावर जे अडून बोललं गेलं, ते गाविलगडावर थेट चित्रात आलं. पण गंमत अशी की आम्हाला गाविलगडाचा दरवाजा किंचित कमी वाटतो. तिथे चिन्ह ओळखलं की काम संपतं. तिथले सिंह आणि तो पक्षी बदकाच्या जवळ जातात. गाविलगडप्रेमी श्रोते रागावतील, रागवावं.

उलट टोकाचं एक उदाहरण घेऊ. फ्रान्समध्ये फर्डिनांड शेवाल नावाचा पोस्टमन होता. 1879 पासून तेहेतीस वर्षं टपालाच्या फेऱ्यांत गोटे गोळा करून त्यानं एकट्यानं महाल बांधला. राहायला नाही, कशालाच नाही. चंदीगडला नेकचंदांनीही सरकारी जागेत, कुणाला न सांगता, फुटक्या बांगड्या आणि मोडक्या चिनी मातीच्या तुकड्यांतून रॉक गार्डन उभारलं. 1976 साली ते लोकांना खुलं झालं. या दोघांबद्दल आदर आहेच. पण त्यांना उपयोगाशी भांडायचंच नव्हतं, त्यांनी तो सोडून दिला होता. नरनाळ्याच्या कारागिराला सोडून द्यायची मुभा नव्हती. दार लागलं पाहिजे, पहारा बसला पाहिजे, आणि तरी बोलायचं. आम्हाला ते जास्त अवघड वाटतं.

वेशीवरच्या कमानींवर आम्ही मघाशी हसलो, ते थोडं मागे घेतो. एका गावात कमानीच्या उद्घाटनाला आम्हाला बोलावलं होतं. कमानीवर देणगीदारांची नावं होती आणि त्या क्रमावरून भांडण पेटलं होतं, भाषण कुणी ऐकलं नाही. तक्रार नाही. पण मग लक्षात आलं की फत्हउल्लालाही नावाचीच हौस होती. फरक एवढाच, की त्यानं नाव वर ठेवलं आणि उरलेल्या दरवाजालाही काम दिलं. आपल्या कमानीत नाव काढलं तर दोन खांब उरतात.

आणि महाकाली दरवाजावर खिळ्यानं, कोळशानं आपली नावं लिहिणारी मंडळी? तीही तीच हौस, फक्त दुसऱ्याच्या भिंतीवर.

पावसाळा सरल्यावर ज्यांना जमेल त्यांनी जा. व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे, नोंद करूनच आत सोडतात. दरवाजासमोर दहा मिनिटं बाहेर उभे राहा, मग आत जाऊन त्याच जाळीतून बाहेर बघा. पुढच्या वेळी आधी तुमचं ऐकू.