पाचारण आणि तयारी : ना. वा. टिळकांच्या धर्मसेवेचा एक पुनर्विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'पाचारण' आणि 'आत्मिक तयारी' हे दोन शब्दप्रयोग बहुधा जोडीने येतात. ज्याला धर्मसेवेचे पाचारण झाले त्याने त्या सेवेसाठी आत्मिक तयारी करावी, ही शिकवण उपदेशांतून व चरित्रांतून इतक्या वेळा मांडली गेली आहे की, ह्या दोन शब्दांच्या अर्थांत काही अंतर असेल, अशी शंकाही वाचकाला सहसा येत नाही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्या जीवनाचा व काव्याचा विचारही पुष्कळदा ह्याच चौकटीत झालेला आहे : आधी शोध, मग बाप्तिस्मा, मग अभ्यास, मग दीक्षा आणि शेवटी सेवा. ही चौकट टिळकांच्या बाबतीत अपुरी पडते, आणि ती अपुरी का पडते ह्याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा त्यांच्या अभंगांत नसून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. 'पाचारणे' हे जुन्या मराठीतील क्रियापद असून मोठ्याने हाक मारून बोलावणे असा त्याचा अर्थ आहे. बोलचालीच्या भाषेतून ते मागे पडले. परंतु बायबलच्या मराठी भाषांतरात, विशेषतः पौलाच्या पत्रांत, त्याला पारिभाषिक स्थान मिळाले. ह्या शब्दाची वाक्यातील वागणूक लक्षणीय आहे. 'त्याला पाचारण झाले' ह्या वाक्यात ज्याला हाक आली तो कर्त्याच्या जागी नाही. तो चतुर्थीत आहे. भूक लागणे, दुःख होणे, आठवण येणे ह्यांप्रमाणेच पाचारण ही माणसाने करावयाची गोष्ट नसून त्याच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे, असे मराठीची वाक्यरचनाच सांगते.

'तयारी' ह्या शब्दाची प्रकृती ह्याच्या नेमकी उलट आहे. फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द मराठीत परीक्षेची, लग्नकार्याची, प्रवासाची तयारी अशा प्रयोगांतून रुळला. गवयाच्या गळ्याची 'तयारी' म्हणताना रियाजाने कमावलेले प्रभुत्व अभिप्रेत असते. तयारी 'करावी' लागते. तिचा कर्ता असतो, तिला मुदत असते आणि ती पुरी झाली की नाही हे दुसऱ्याला सांगता येते. तेव्हा 'पाचारणासाठी तयारी' असे म्हणताना आपण एकाच माणसाला एकाच वाक्यात हाक ऐकणाराही करतो आणि कर्ताही करतो. कृपा आणि प्रयत्न ह्यांविषयीचा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना प्रश्न ह्या मराठी शब्दप्रयोगात असा गुपचूप येऊन बसलेला आहे.

'आत्मिक' ह्या विशेषणानेही अर्थात भर पडते. इतर मराठी भाषक ज्या ठिकाणी 'आध्यात्मिक' म्हणतील, त्या ठिकाणी ख्रिस्ती मराठीत 'आत्मिक' हा शब्द येतो. 'अध्यात्म' ह्या शब्दाचा रोख स्वतःच्या अंतरंगाकडे आहे. उलट 'आत्मिक' म्हणताना ख्रिस्ती वाचकाला 'पवित्र आत्मा' जाणवतो. म्हणजे 'आत्मिक तयारी' ही केवळ मनाची साधना नव्हे; ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातून होणारी घडण आहे. विशेष्य माणसाच्या प्रयत्नाकडे ओढते, तर विशेषण त्याला देवाच्या हाती सोपविते.

'दीक्षा' हा शब्द ह्याहून जुन्या परंपरेचा. सोमयागात दीक्षा हा यज्ञाच्या आरंभीचा विधी असून उपवास, एकांत व नियम हे तिचे भाग होत. तयारी ही दीक्षेच्या आत होती, आधी नव्हती. ख्रिस्ती मराठीत पाळकाच्या नेमणुकीच्या विधीला 'दीक्षा' हे नाव मिळाले, तेव्हा शब्द तोच राहिला पण क्रम पालटला : अभ्यास व परीक्षा आधी, दीक्षा शेवटी. टिळकांच्या जीवनातील ताण पुष्कळसा ह्या दोन क्रमांमधला आहे.

२

ह्या तुलनेसाठी बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांच्या 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्राचा उल्लेख आवश्यक आहे. 'यमुनापर्यटन' (१८५७) ह्या कृतीच्या ह्या लेखकाने १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय'चा भर त्यांच्या पूर्वायुष्यावर आणि मतपरिवर्तनाकडे नेणाऱ्या विचारांवर आहे. ग्रंथाचे नावच त्याची रचना सांगते : अंधार, मग तांबडे फुटणे. ह्या रचनेत तयारी म्हणजे शंकांचे निरसन. वाचन, वाद, मनाची घालमेल आणि निर्णय अशी ती एका दिशेने पुढे सरकते. गद्य म्हणून 'अरुणोदय'ची किंमत मोठी आहे. परंतु निर्णयाच्या पलीकडे, सेवेत उतरलेल्या माणसाचे काय होते, हा त्याचा मुख्य विषय नाही. सूर्य उगवल्यावरच्या दुपारीविषयी अरुणोदयाने बोलावे, अशी अपेक्षाही रास्त ठरणार नाही.

टिळकांचे जीवन ह्या रचनेत बसविता येत नाही. ख्रिस्ती होण्याच्या आधीच नव्या धर्माच्या मांडणीचे विचार त्यांच्या मनात घोळत होते. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिचा अर्थ मात्र नीट लावला जात नाही. समाजाला काही सांगावयाचे आहे, त्यासाठी आयुष्य वाहावयाचे आहे, ही ओढ त्यांच्यापाशी आधीपासूनच होती. हाक आधी ऐकू आली होती. हाक मारणाऱ्याची ओळख मागाहून पटली.

३

पुढील सनावळी थोडक्यात अशी : १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा, त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील कार्यात सहभाग, १९०४ साली दीक्षा, १९१७ साली मिशनच्या नोकरीचा त्याग व साताऱ्यास 'देवाचा दरबार' ह्या बंधुसंघाची स्थापना, ९ मे १९१९ रोजी मृत्यू. बाप्तिस्मा आणि दीक्षा ह्यांत नऊ वर्षे गेली. दीक्षा आणि त्याग ह्यांत तेरा. तयारी दीक्षेपाशी संपते असे मानले, तर १९१७ चा निर्णय हा सेवेचा अंत किंवा तिच्यातील लहर ठरतो. तयारी दीक्षेनंतरही चालू होती असे मानले, तर तोच निर्णय तिचा परिपाक ठरतो. टिळकांच्या वाङ्मयाचा कल दुसऱ्या बाजूला आहे, ह्यात संशय नाही.

येथे 'सेवा' हा शब्द निर्णायक ठरतो. मराठीत 'सेवा' देवाचीही होते आणि सरकारचीही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने सेवेवर उपजीविका करणे निंद्य मानलेले आहे. भक्तिपरंपरेने तोच शब्द उचलून देवाच्या पायांशी नेला आणि त्याला प्रतिष्ठा दिली. मिशनच्या व्यवस्थेत हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आले : पाळक देवाची सेवा करी आणि मिशनकडून वेतन घेई. ज्या माणसाचे कान तुकारामाच्या अभंगांवर घडलेले होते, त्याला ह्या एका शब्दातील दोन आवाज वेगळे ऐकू यावेत हे स्वाभाविक होय. १९१७ साली टिळकांनी ह्या दोन अर्थांची फारकत केली. चाकरी सोडली, सेवा ठेवली. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाही 'दरबारा'त प्रवेश होता. पाचारण संस्थेच्या दप्तरातून येत नाही, हेच त्यातून सूचित झाले.

'अभंगांजली'तील रचना ह्याच मनोभूमीतून आलेल्या आहेत. ख्रिस्ताला गुरू व माउली म्हणून संबोधणे, स्वतःला दास म्हणविणे आणि आपल्या अपात्रतेची कबुली देणे ही त्यांची ठळक लक्षणे. आयात केलेल्या प्रार्थनाभाषेपेक्षा ही भाषा मराठी कानाला जवळची वाटते, आणि मराठी उपासनेला तिने जे दिले ते निर्विवाद आहे. तथापि समीक्षकाने येथे एक अडचण नोंदविली पाहिजे. अभंगात विनम्रता ही अनुभव असते त्याप्रमाणेच ती संकेतही असते. 'मी अपात्र आहे' हे विधान वारकरी परंपरेने इतके घडवून ठेवलेले आहे की, कवीने ते स्वतः कमावले की परंपरेकडून उसने घेतले, हे केवळ रचनेवरून ठरविता येत नाही. अहंकार गळून पडल्याची साक्ष ज्याचा अहंकार गळावयाचा आहे त्यानेच द्यावी, ही आत्मनिष्ठ भक्तिकाव्याची मर्यादाच होय. बाहेरचा साक्षीदार हवा.

४

तो साक्षीदार 'स्मृतिचित्रे'त भेटतो. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मुख्यतः त्यातील विनोद, निरागसता व सहज बोली ह्यांसाठी वाखाणला गेला. हे गुण त्यात आहेतच. परंतु धर्मसेवेच्या तयारीचा वृत्तांत म्हणूनही तो वाचला पाहिजे, आणि तसा वाचल्यास त्यातील विनोदाचा रंग पालटतो. टिळकांचा विक्षिप्तपणा, त्यांचे अचानक निघून जाणे, त्यांचा राग, हातचा पैसा दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची वृत्ती आणि तितकेच त्यांचे निर्व्याज प्रेम, हे सारे लक्ष्मीबाई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून सांगतात. व्यासपीठावरून जे औदार्य दिसते, ते घरातून पाहताना डब्यातील धान्याच्या हिशेबात उतरते. ग्रंथकर्ती ह्याबद्दल आरोप करीत नाही आणि समर्थनही करीत नाही. ती फक्त सांगते. तिच्या साक्षीचे बळ ह्या तटस्थतेत आहे.

ही साक्ष विषयाला सोडून आहे, असा आक्षेप येऊ शकेल. पतीच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या आठवणी, त्याही घरगुती. त्यांवरून एखाद्याच्या आत्मिक घडणीचे माप कसे घ्यावे? ह्या आक्षेपाचे उत्तर 'नव्या करारा'तच आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या नेतृत्वाची इच्छा धरणाऱ्याच्या कसोट्या दिलेल्या आहेत. त्यांत स्वतःचे घर नीट चालविता येणे ही एक स्पष्ट कसोटी आहे, आणि नवशिक्याला तेथे मज्जाव आहे. म्हणजे पाचारणाची परीक्षा रानातील एकांताइतकीच घरातही व्हावयाची असते. ह्या दृष्टीने पाहता 'स्मृतिचित्रे' हा टिळकांच्या धर्मचरित्राचा तळटिपेतील मजकूर नसून मूळ संहिताच होय. काळाने पडलेले अंतर आणि स्मृतीची निवड ही बंधने खरी आहेत; पण ती तपशिलाला लागू पडतात, दृष्टिकोणाला नव्हे.

ह्या कसोटीवर टिळक सर्वस्वी उतरतात काय? ग्रंथ प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला 'होय' असे उत्तर देता येणार नाही. १८९५ च्या निर्णयाने पत्नी सुमारे पाच वर्षे दुरावली. तिच्या दुःखाचा वृत्तांत वाचताना पाचारणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न टाळता येत नाही. चतुर्थीचा मुद्दा येथे परत येतो. पाचारण 'त्याला' झाले. पण त्या क्रियेचा भार 'तिला' सोसावा लागला, आणि प्रचलित चरित्रांच्या वाक्यरचनेत ह्या दुसऱ्या चतुर्थीला जागाच नाही. लक्ष्मीबाईंनी ती जागा निर्माण केली.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सोवळेओवळे कडकपणे पाळणाऱ्या घरातून आलेल्या ह्या स्त्रीच्या मनातून जातिभेदाची कल्पना हळूहळू, स्वतःच्या विचाराने गळून पडली आणि १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. तिचा हा प्रवास कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नव्हता. त्याला कोणी 'तयारी' म्हटले नाही आणि त्याच्या शेवटी तिच्यासाठी दीक्षेचा विधीही नव्हता. तरीही टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण करण्याचे काम तिच्याच वाट्याला आले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य पुढे न्यावे, ह्याची संगती लावावयाची तर मान्य करावे लागते की, त्या घरात एकाच्या नव्हे, दोघांच्या घडणीचे काम चालले होते. एकाच्या घडणीला नाव मिळाले, दुसरीच्या घडणीला ते मिळाले नाही.

५

ह्या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, 'आत्मिक तयारी' ह्या शब्दप्रयोगात प्रयत्न आणि कृपा ह्यांची जी सांगड आहे, ती सुटी करून पाहिल्याखेरीज मराठी ख्रिस्ती चरित्रवाङ्मयाचे वाचन वरवरचे राहील. दुसरी, टिळकांच्या बाबतीत तयारी दीक्षेपूर्वी आटोपली नाही. १९१७ चा त्याग हा तिच्यातीलच एक टप्पा आहे, आणि म्हणून 'अभंगांजली'चे वाचन त्या त्यागापासून तोडून करता येणार नाही. तिसरी, अशा तयारीचे मूल्यमापन केवळ तयारी करणाऱ्याच्या शब्दांवरून होऊ शकत नाही. अभंग आणि आठवणी शेजारी ठेवूनच ते करावे लागते.

'पाळक' हा शब्द 'पाळणे' ह्या क्रियापदापासून आला. मराठीत गुरे पाळतात, तसेच व्रत पाळतात आणि शब्दही पाळतात. कळप राखणे आणि वचन राखणे ह्यांना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिलेले आहे. टिळकांनी कोणता कळप राखला हे मंडळीचा इतिहास सांगतो. कोणते वचन किती राखले, ह्याचा हिशेब 'स्मृतिचित्रे'त आहे. त्या हिशेबात टिळक लहान होत नाहीत. ते खरे होतात. धर्मसेवेची वाट धरू पाहणाऱ्या वाचकाला आदर्श मूर्तीपेक्षा ह्या खऱ्या माणसाचा उपयोग अधिक आहे.