महासंगणक कुणाच्या वापरात?

राष्ट्रीय महासंगणन अभियानाला केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मंजुरी दिली. सात वर्षांची मुदत, ४,५०० कोटी रुपयांचा खर्च आणि सत्तरहून अधिक केंद्रे असा तो आराखडा होता. ही केंद्रे राष्ट्रीय ज्ञानजालाने जोडायची, म्हणजे देशभरातल्या संशोधकांना ती वापरता येतील, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम आहे. ती कितपत उतरली, हे तपासायला हवे.

मार्च २०२५ पर्यंतच्या सरकारी माहितीनुसार ३४ महासंगणक उभे राहिले. त्यांची एकत्रित क्षमता ३५ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ३५ वर १५ शून्ये इतक्या गणिती क्रिया. यंत्रे ८५ टक्क्यांहून अधिक वापरात होती आणि दोनशेहून अधिक संस्थांतल्या दहा हजारांवर संशोधकांना त्यांचा उपयोग झाला. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' बांधला, तेव्हापासूनच्या खटपटीचे हे फळ आहे. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

पण या माहितीत एक आकडा सापडत नाही. यंत्र ज्या संस्थेत आहे, तिच्या बाहेरच्या संशोधकांना किती तास मिळाले? बहुतेक महासंगणक आयआयटी, आयसर, भारतीय विज्ञान संस्था यांसारख्या केंद्रीय संस्थांत आहेत. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात मात्र १,१६८ विद्यापीठे आणि ४५ हजारांवर महाविद्यालये नोंदलेली आहेत. रहाट दिवसभर फिरतो, म्हणून गावातल्या सगळ्या घरी पाणी पोचते असे नाही.

यात अंतराची अडचण फारशी नाही. आकडेमोड यंत्रापाशीच होते. संशोधक दुरून आज्ञावली पाठवतो आणि उत्तर मागवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८६ मध्ये आपली महासंगणन केंद्रे जोडली, ती सेकंदाला अवघे ५६ हजार बिट वाहणाऱ्या जाळ्याने.

अडचण आहे ती अर्जाची आणि शिकवण्याची. त्याच प्रतिष्ठानने २०२२ मध्ये 'ॲक्सेस' योजना सुरू केली. तीत छोट्या कामासाठी थोडक्यात माहिती दिली की पुरते, आणि पदव्युत्तर विद्यार्थीही अर्ज करू शकतो. दुसरा भाग अधिक अवघड. महासंगणक म्हणजे एकत्र राबणारे हजारो प्रोसेसर. काम त्यांच्यात वाटून द्यावे लागते. आज्ञावलीतले एक दशांश काम वाटता येण्याजोगे नसेल, तर प्रोसेसर कितीही वाढवा, वेग दहापटीच्या पलीकडे जात नाही. काम कसे वाटायचे, हे शिकवायला माणसे लागतात.

याचा नमुना आपल्याकडेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' स्थापन केली, ती विद्यापीठांतल्या शिक्षकांना खगोलशास्त्रातल्या मोठ्या सोयी मिळाव्यात म्हणूनच. महासंगणनालाही अशीच, बाहेरच्यांसाठी बांधलेली व्यवस्था हवी. तोवर निदान प्रत्येक केंद्राने बाहेरच्यांना दिलेले तास दरवर्षी जाहीर करावेत.

नाहीतर जिल्ह्याच्या महाविद्यालयातला रसायनाचा प्राध्यापक हजार अणूंचा प्रश्न दहा अणूंवर आणत राहील, आणि त्याचा विद्यार्थी समजेल की प्रश्न मुळातच एवढा लहान होता.