हवाबंद घर आणि सांध्यांचा प्रश्न : ऊर्जाकार्यक्षम गृहरचनेची एक चिकित्सा

ऊर्जाकार्यक्षम घरांविषयीचे बरेचसे लेखन भिंतीच्या जाडीपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. जर्मनीतील डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात १९९०-९१ मध्ये एका ओळीत बांधलेली चार घरे या विषयात आदर्श मानली जातात. त्यांच्या वर्णनात भिंतीवरील २७५ मिलिमीटर पॉलिस्टायरीनचा थर, छपरात भरलेली सुमारे साडेचारशे मिलिमीटर खनिज लोकर आणि तीन काचांच्या खिडक्या यांचा उल्लेख हटकून येतो. त्यामुळे घराला पुरेसे जाड पांघरूण घातले की काम झाले, असा वाचकाचा ग्रह होतो. हे घर हवाबंदही असावे लागते, ही बाब त्या वर्णनात एखाद्या आकड्यापुरती उरते. प्रत्यक्षात बांधकामाच्या जागेवर सर्वाधिक अडचणी याच आकड्याभोवती निर्माण होतात. हवाबंदपणा हा कोणत्याही एका सामग्रीचा गुण नव्हे, तो सांध्यांचा गुण आहे. आणि बांधकामाच्या व्यवहारात सांधा हा बहुधा कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाच्या आधारे हवाबंद घराच्या संकल्पनेची तपासणी केली आहे.

भिंत श्वास घेते काय?

हवाबंद घराविरुद्धचा सर्वांत जुना आक्षेप म्हणजे ‘भिंतींना श्वास घेता आला पाहिजे’ हा होय. हा आक्षेप आजही गवंड्यापासून वास्तुविशारदापर्यंत अनेकांच्या तोंडी ऐकू येतो. परंतु त्याचे मूळ लोकपरंपरेइतकेच एकोणिसाव्या शतकातील प्रयोगशास्त्रातही आहे. म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ च्या सुमारास एका खोलीतील फटी बुजवून तेथील हवाबदल मोजला. फटी बुजवल्यावरही तो अपेक्षेइतका घटला नाही, तेव्हा उरलेली हवा विटांच्या भिंतीतूनच येत असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गिलावा केलेल्या भिंतीतून जाणारी हवा नगण्य असते, हे १९२८ मध्ये राइश यांच्या मोजमापांनी दाखवून दिले. म्हणजे भिंत श्वास घेत नव्हती. श्वास घेत होत्या त्या दृष्टीस न पडलेल्या वाटा. येथे पेटेनकोफर यांची चूक दाखवण्याचे समाधान दुय्यम आहे. बंद खोलीतील हवा माणसाला अपायकारक ठरते व तिचा दर्जा कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून ठरवता येतो, हा त्यांचाच सिद्धांत पुढे हवाबंद घरालाही अपरिहार्य ठरला. त्यांनी शोधलेला प्रश्न खरा होता, फक्त त्याचे उत्तर त्यांनी चुकीच्या ठिकाणी शोधले.

याच चुकीची दुसरी आवृत्ती १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत घडली. न्यू जर्सी राज्यातील ट्विन रिव्हर्स या वसाहतीतील घरांचा प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी अभ्यास केला. माळ्यावर उष्णतारोधक थर घातलेला असूनही तेथे गणिताने सांगितले होते त्यापेक्षा पुष्कळ अधिक उष्णता निसटत होती. शोध घेता असे आढळले की भिंतींच्या पोकळ्या, नळांभोवतीच्या जागा आणि धुराड्याच्या कडेची फट यांतून उबदार हवा थेट माळ्यावर चढत होती. रोधक थर आपल्या जागी निर्दोष होता, हवा त्याला वळसा घालून जात होती. गणितात भिंत, छप्पर आणि खिडकी हे घटक होते; त्यांच्या मधल्या जागेला गणितात नावच नव्हते.

पोस्टकार्डाएवढी फट

१९७७ मध्ये कॅनडातील रजायना येथे बांधण्यात आलेल्या सस्कॅचवान कन्झर्वेशन हाउसमध्ये या मधल्या जागेचा प्रथमच जाणीवपूर्वक विचार झाला. हॅरॉल्ड ऑर आणि त्यांचे सहकारी यांनी जाड भिंतींबरोबरच पॉलिथिनचा अखंड थर घराभोवती फिरवला आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र बसवले. या घरावर बसवलेली सौर उष्णतेची महागडी यंत्रणा पुढे काढून टाकावी लागली. परंतु साध्या पॉलिथिनची आणि काळजीपूर्वक जोडणीची उपयुक्तता टिकली. ऊर्जाकार्यक्षमतेच्या इतिहासात ही बाब जितकी नोंदवली जावयास हवी होती तितकी नोंदवली गेली नाही. बहुधा छायाचित्रात सौरपट्ट दिसतात आणि पॉलिथिन दिसत नाही, म्हणून असेल.

या अनुभवाचा आधार घेत बू आडामसन व वोल्फगांग फाइस्ट यांनी १९८८ पासून पॅसिव्ह हाउसची संकल्पना मांडली. तिच्या निकषानुसार तापवण्यासाठी लागणारी ऊर्जा दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ किलोवॅट-तासांपेक्षा अधिक नसावी आणि ५० पास्कल दाबफरकावर घरातील हवा तासाला ०.६ पटीपेक्षा अधिक बदलू नये. हा दुसरा निकष दारात पंखा बसवून, म्हणजे ‘ब्लोअर डोअर’ चाचणीने, तपासला जातो. ५० पास्कल म्हणजे पाण्याच्या जेमतेम ५ मिलिमीटर उंचीएवढा दाब.

हा आकडा प्रत्यक्षात किती कडक आहे, हे साध्या हिशेबाने पाहता येते. ३०० घनमीटर हवा मावणारे घर घेतले, तर या निकषाने तासाला १८० घनमीटर हवा झिरपण्याची मुभा मिळते. हवेच्या प्रवाहाच्या नेहमीच्या सूत्राने तिचे क्षेत्रफळात रूपांतर केल्यास संपूर्ण घरातील सर्व फटी मिळून सुमारे ९० चौरस सेंटीमीटर भरतात. भारतीय टपालखात्याचे पोस्टकार्ड १२६ चौरस सेंटीमीटरचे असते. आता त्याच घराला सव्वा मीटर बाय दीड मीटरच्या सुमाराच्या पंधरा खिडक्या आहेत असे धरू. त्यांच्या चौकटी व भिंत यांमधील सांध्याची एकूण लांबी ८० मीटरच्या घरात जाते. या सांध्यात सरासरी केवळ एक मिलिमीटर फट राहिली, तर तिचे क्षेत्रफळ ८०० चौरस सेंटीमीटर होते; म्हणजे साऱ्या घराला मिळालेल्या मुभेच्या जवळजवळ नऊपट. भिंतीवर आणखी दहा सेंटीमीटर रोधक चढवून यातले काहीही भरून निघत नाही.

ही एक मिलिमीटरची फट राहते कशी? गवंडी भिंत उभी करतो, सुतार चौकट बसवतो, गिलावा करणारा चौकटीच्या कडेपर्यंत येऊन थांबतो. तिघांचेही काम आपापल्या परीने चोख असते. भिंतीला विटांचा, खिडकीला लाकडाचा किंवा ॲल्युमिनिअमचा दर लावून मजुरी दिली जाते. मात्र त्या दोहोंमधल्या रेषेसाठी दरपत्रकात ओळ नसते. पुढे वायरमन येतो आणि नळीसाठी भिंत फोडतो. विजेची नळी ही स्वतःच हवेची वाट असते, कारण तिचे एक तोंड खोलीत आणि दुसरे माळ्यावर असू शकते. नळकाम करणारा न्हाणीघरातील टबामागे पाइप नेतो; तेथे गिलावा कोणाला दिसणार नाही म्हणून तो झालेलाच नसतो. जिन्याच्या पायऱ्या भिंतीला टेकतात त्या कडेचीही तीच गत. धुळीने माखलेल्या विटेवर चिकटपट्टी लावली तर ती त्या दिवशी बसते, पण पुढे सुटते. चाचणी बहुधा अखेरीस होते आणि तोवर दोष फरशीखाली व छताच्या पट्ट्यांमागे गाडला गेलेला असतो. अंतिम सजावटीपूर्वी, हवारोधक थर उघडा असतानाच एक चाचणी घ्यावी, हा अनुभवी बांधकामदारांचा आग्रह यातूनच आला आहे; पण त्यासाठी काम एक-दोन दिवस थांबवावे लागते, आणि थांबलेल्या कामाचा खर्च कोणी सोसायचा यावर घोडे अडते.

क्रानिखश्टाइनची घरे या कसोटीला उतरली. त्यांचे मापन ०.६ च्याही बरेच खाली आले आणि पाव शतकानंतरच्या तपासणीतही हवारोधक थर टिकून असल्याचे आढळले. तेथे विटकामावरचा आतला अखंड गिलावा हाच हवारोधक थर मानला होता. वापरलेली वस्तू नवलाची नव्हती. गिलाव्याकडे शोभेचे काम म्हणून न पाहता घराचे कवच म्हणून पाहण्याची दृष्टी नवी होती. मात्र या यशाचा दाखला देताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ते संशोधकांच्या देखरेखीखाली झालेले काम होते. प्रत्येक सांध्याचा विचार करणारी माणसे तेथे हजर होती. सामान्य कंत्राटात अशा माणसाची जागाच नसते, आणि म्हणून त्या घरांवरून काढलेले निष्कर्ष बाजारातील घरांना जसेच्या तसे लागू करणे युक्त नाही.

ओल आणि हवा

ऊर्जेची गळती ही हवाबंदपणाच्या अपयशाची सौम्य बाजू म्हणावी लागेल. खरी हानी बाष्पाने होते. थंड प्रदेशात घरातील दमट हवा फटीतून भिंतीच्या पोटात शिरते आणि गार पृष्ठभागावर तिचे पाणी होते. उत्तर अमेरिकेतील बांधकामशास्त्राच्या पुस्तकांत एक उदाहरण वारंवार दिले जाते : चार फूट बाय आठ फुटांच्या जिप्सम फळीतून साऱ्या हिवाळ्यात बाष्प विसरणाने पाझरते ते सुमारे एक तृतीयांश क्वार्ट, तर त्याच फळीला एक चौरस इंचाचे छिद्र असल्यास हवेबरोबर जाते ते ३० क्वार्ट. क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर. अर्धवट हवाबंद घर अधिक धोक्याचे ठरते ते यामुळे. पूर्वीच्या गळक्या घरात ओल येत असे आणि वाऱ्याने निघूनही जात असे. जाड रोधकाच्या घरात भिंतीचा बाहेरचा भाग थंडच राहतो, त्यामुळे शिरलेली ओल सुकायला उष्णता मिळत नाही.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९८० व १९९० च्या दशकांत बांधलेल्या असंख्य सदनिकांच्या भिंती कुजल्या. १९९८ मध्ये माजी प्रांतप्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली त्याची चौकशी झाली. तेथील मूळ दोष पावसाचे पाणी आत येण्याचा होता. छज्जे नसलेली, उन्हाळी प्रदेशाला शोभणारी रचना पावसाळी किनाऱ्यावर आणली गेली होती. त्याचे खापर केवळ हवाबंदपणावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि आत शिरलेले पाणी आतल्या बाजूच्या पॉलिथिनमुळे त्या दिशेने सुकू शकले नाही, हेही तितकेच खरे. ओलीला येण्याची वाट बंद करताना जाण्याची वाट उघडी ठेवावी लागते, हे तत्त्व कौलारू घर बांधणाऱ्याला परिचित होते. नव्या सामग्रीच्या मोहात ते विस्मरणात गेले.

घर खरोखरच हवाबंद झाले तर पुढचा प्रश्न उभा राहतो : माणसाने श्वास कशावर घ्यायचा? यंत्राने खेळवलेली हवा हे त्याचे उत्तर आहे. सिद्धांत म्हणून त्यात दोष नाही. पण नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट शहराच्या फाटहोर्स्ट वसाहतीत २००७-०८ च्या सुमारास यांत्रिक वायुवीजनाच्या घरांतील रहिवाशांनी प्रकृतीच्या तक्रारी केल्या आणि तेथील यंत्रणांच्या उभारणीतील त्रुटी पुढे आल्या. पंख्याचा आवाज असह्य झाला की माणूस त्याचा वेग कमी करतो. वेग कमी झाला की हवा कोंदते. गाळण्या वेळच्या वेळी बदलण्याचे काम घरातल्या कोणी तरी लक्षात ठेवावे लागते. स्वयंपाकघरातील धूर ओढणारा पंखा तासाला काहीशे घनमीटर हवा बाहेर फेकतो. हवाबंद घरात तितकी हवा येणार कोठून? घरात लाकडाची शेगडी असेल तर तो तिच्या धुराड्यातून उलट दिशेने ओढली जाते, आणि तेव्हा प्रश्न ऊर्जेचा न राहता कार्बन मोनॉक्साइडचा होतो.

भारतीय संदर्भ

ही संकल्पना भारतात आणू पाहणाऱ्यांनी दिशेचा विचार प्रथम केला पाहिजे. जर्मनीत बाष्प आतून बाहेर जाते. मुंबईच्या पावसाळ्यात वातानुकूलित खोलीच्या बाबतीत ते बाहेरून आत येते. आतल्या बाजूला बाष्परोधक थर लावण्याचा युरोपीय नियम येथे पाळला, तर तो थरच पाणी साचण्याची जागा ठरेल. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या ‘इको निवास संहिते’च्या पहिल्या भागात कवचातून येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घालण्यात आली, त्याचबरोबर उघडता येणाऱ्या खिडक्यांचे चटईक्षेत्राशी किमान प्रमाण ठरवण्यात आले. उष्ण-दमट प्रदेशासाठी ते १६.६६ टक्के, तर थंड प्रदेशासाठी ८.३३ टक्के होते. युरोपातील निकष हवा किती थोडी यावी हे सांगतो, तर येथील संहितेने हवा किती येऊ शकली पाहिजे हे सांगितले. वर्षातील बरेच महिने खिडक्या उघड्या ठेवता येणाऱ्या हवामानात हे धोरण समंजसच म्हटले पाहिजे.

परंतु महानगरांतील मध्यमवर्गीय घराचा व्यवहार त्यापुढे गेला आहे. सरकत्या काचांच्या खिडक्यांना कडेने फट असते, खाली रुळांत पाणी जाण्यासाठी भोके असतात, आणि त्याच खोलीत भिंतीवर वातानुकूलन यंत्र चालते. हे यंत्र सहसा खोलीतलीच हवा फिरवते, बाहेरची घेत नाही. वीज वाचावी म्हणून कोणी त्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवल्या, तर बंद दाराआड तीन-चार माणसे निजलेल्या खोलीत ताज्या हवेची उरलीसुरली वाट बंद होते. न बुजवल्या, तर पावसाळ्याची दमट हवा यंत्र रात्रभर कोरडी करीत बसते. पेटेनकोफर यांनी म्युनिकमध्ये विचारलेला प्रश्न तेथे पुन्हा उभा राहतो, आणि खिडकी बसवणारा, यंत्र बसवणारा व घर बांधणारा या तिघांपैकी कोणाच्याही कामाच्या यादीत तो नसतो.